दम परत आला, नाना

नाना,

तुमच्या दहाव्याला आलेली माणसं तुमच्याबद्दल बरंच बोलली. रेल्वेतले तुमचे जुने सोबती आले होते, पारोळ्याकडून भाऊबंद आले होते. कुणी तुमच्या शांत स्वभावाचं बोललं, कुणी तुमच्या हातच्या लिंबाच्या झाडाचं. तुमच्याबरोबर इतकी वर्षं संसार केलेल्या अक्कांच्या शेजारी बसून मी ऐकत होते. एका गोष्टीचा उल्लेख कुणीच केला नाही, कारण ती कुणाला माहीतच नव्हती. आयुष्यात कधी पन्नास पावलंसुद्धा पळाला नसाल असे तुम्ही, सत्तरी ओलांडल्यावर, एका चाळिशीतल्या शाळामास्तरणीला परत पळायला शिकवलंत.

सांगावंसं वाटलं. पण तिथे सांगितलं असतं तर रडू आलं असतं, आणि ही गोष्ट रडत सांगण्यासारखी नाही. म्हणून आता तुम्हालाच सांगते. यातलं बरंचसं तुम्हाला माहीत आहे. एक गोष्ट माहीत नसावी असं मला तीन वर्षं वाटत होतं, तिच्याकडे येईनच.

दुसऱ्या लाटेत मला कोरोना झाला. अकरा दिवस मी ऑक्सिजनवर होते. त्याआधी पाच वर्षं मी रोज पहाटे पळायचे, आठवड्यातून एकदा दहा किलोमीटर. दवाखान्यातून घरी आल्यावर मला वाटलं होतं, महिनाभरात बूट घालीन. प्रत्यक्षात आमच्या घराच्या सात पायऱ्या चढताना मी चौथ्या पायरीवर बसले होते. सुनील, माझा नवरा, मागे पिशव्या घेऊन उभा होता. "उचलू का?" एवढंच म्हणाला. मी त्याच्यावर ओरडले. ओरडायलाही दम पुरला नाही.

दीड महिन्यानं डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं, हृदय ठीक आहे, फुप्फुसं भरून येताहेत, आता हळूहळू चाला. मी दुसऱ्याच सकाळी निघाले. आमच्या फाटकापासून तुमचं घर किती लांब? मधे चार घरं. तुमच्या कुंपणाच्या भिंतीपाशी आले आणि छाती अशी धडधडायला लागली की कानात आवाज यायला लागला. डोळ्यांपुढे फक्त दवाखान्यातल्या माझ्या खाटेवरचा पंखा दिसत होता. मी भिंतीला धरून खाली बसले.

तुम्ही लिंबाला पाणी घालत होतात. पाइप खाली टाकून आलात. पाच वर्षं मी तुमच्या दारावरून पळत गेले होते आणि आपण एक शब्द बोललो नव्हतो.

"सकाये पयस ती तूच ना माय?" तुम्ही विचारलंत.

सकाळी पळते ती मीच, म्हणून मी मान हलवली.

"बस. दम कोठे जास नही."

अक्कांनी तांब्या आणून दिला. तुम्ही काही विचारलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही, डॉक्टरला बोलवू का असंही म्हणाला नाहीत. नुसते शेजारी उकिडवे बसलात. पाणी पाइपातून रस्त्यावर वाहत होतं, तेवढं वाहू दिलंत. थोड्या वेळानं माझा श्वास खरंच खाली बसला. मी उठायला लागले तेव्हा म्हणालात, उद्या मी येतो तुझ्या फाटकापाशी.

मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, बोलायचं म्हणून बोलला. दुसऱ्या दिवशी साडेपाचला तुम्ही टॉवेल खांद्यावर टाकून फाटकाशी उभे होतात.

तुमचा नियम एकच होता. चालताना बोलायचं. "बोलता येस का? मंग चाल. बोलता नही ये तं थांब." चाळीस वर्षं भुसावळात काढूनही तुमची बोली पारोळ्याचीच राहिली होती, आणि मी शाळेतल्या मराठीत उत्तरं द्यायचे. तुम्हाला मी कधी मास्तरीण, कधी माय, कधी पोर. पहिल्या आठवड्यात आपण विजेच्या दोन खांबांपर्यंत जायचो. मी एक वाक्य बोलायचे आणि थांबायचे. तुम्ही पुढच्या वाक्याची वाट बघायचात. कुणी माझ्या वाक्याची अशी वाट बघितल्याचं मला आठवत नाही. वर्गात मुलं घंटेची वाट बघतात, घरी जो तो आपलं सांगायची वाट बघतो.

पुढे पुढे तुम्हीही सांगायला लागलात. तुम्ही रेल्वेत चावीवाले होतात हे मला तेव्हा कळलं. रूळ खालच्या आडव्या स्लीपरला धरून ठेवणाऱ्या चाव्या असतात, त्या गाड्यांच्या हादऱ्यानं सैल होतात. खांद्यावर पाना, हातात हातोडा घेऊन रोज आपल्या वाट्याचे काही किलोमीटर चालायचं, दोन्ही रुळांवर नजर ठेवायची, सैल दिसली ती चावी ठोकायची. मे महिन्यातसुद्धा. तीस-बत्तीस वर्षं रोज तीच वाट. मी विचारलं, कंटाळा नाही आला? तुम्ही म्हणालात, कंटाळा येतो तो लवकर पोचायचंय त्याला. चावीवाल्यानं घाई केली की सैल चावी नजरेतून सुटते. कुठे पोचायचं नसतंच त्याला. परत घरीच यायचं असतं.

हे तुम्ही मला काही शिकवायचं म्हणून सांगितलं नव्हतं. मी विचारलं म्हणून सांगितलंत. पण मला पळण्याबद्दल इतकं नेमकं त्याआधी कुणी बोललं नव्हतं.

तरी मी ऐकलं कुठे? श्रावणात एका सकाळी हवा छान होती, पाय हलके वाटत होते. तुम्ही त्या दिवशी गावी गेला होतात. मी एकटीच निघाले आणि जुन्या वेगानं पळत सुटले. जेमतेम सहा-सात मिनिटं. घरी आले तेव्हा मी इतकी खूश होते की सुनीलला उठवून सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी उठू शकले नाही. तीन दिवस अंथरुणात. अंग असं गळून गेलं की केस विंचरायला हात वर जाईना. त्यातला दुसरा दिवस वाईट होता. भिंतीकडे तोंड करून मी स्वतःला सांगितलं, झालं, आता आयुष्यभर हे असंच.

चौथ्या दिवशी तुम्ही अक्कांबरोबर आलात. अक्कांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि लसणाची चटणी आणली होती. मी रागावणं ऐकायच्या तयारीत होते. तुम्ही खुर्चीत बसून आधी सुनीलशी पावसाचं बोललात, मग कापसाचं, मग माझ्याकडे वळून म्हणालात, "तू पयत नही माय. दमसंगे भांडस."

आणि हसलात. मीही हसले. भाकरी खाल्ली. पुन्हा पहिल्या खांबापासून सुरुवात.

आपली भांडणं काही कमी झाली नाहीत, नाना. घड्याळाचं भांडण तर आठवड्यातून एकदा ठरलेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की नाडी एका मर्यादेच्या वर जाऊ देऊ नका, म्हणून मी नाडी दाखवणारं घड्याळ घेतलं. तुम्हाला ते बघवायचं नाही. मी मनगट वळवलं की तुम्ही म्हणायचात, त्याला काय कळतं तुझं? मी म्हणायचे, तुमच्या बोलण्याच्या नियमापेक्षा ते नेमकं आहे. या वादात मी अजूनही माझ्याच बाजूनं आहे. तुम्ही चुकत होतात. घड्याळानं मला दोनदा वेळेवर थांबवलं आहे. एवढं मात्र कबूल करते की मी ते दर मिनिटाला बघायचे, ते भीतीपोटी. नाडीपोटी नाही.

दुसरं भांडण अर्धवटच राहिलं. एकदा तापीच्या पुलाच्या रस्त्यावर तुम्ही सहज बोलून गेलात, "तो आजार नसता तं तू थांबती का मन्हा दारपुढे?" तुमच्या मनात काही वाईट नव्हतं. आपली ओळख झाली याचा तुम्हाला आनंद होता, एवढंच. पण मी भडकले. माझ्या शेजारच्या खाटेवर एक बाई होती, चोपड्याकडची. आम्ही रात्रंदिवस हातानं खुणा करून बोलायचो, कारण दोघींच्या तोंडावर मास्क. मी घरी आले, ती आली नाही. मी म्हटलं, नाना, त्या आजाराबद्दल एकही चांगला शब्द माझ्यासमोर बोलू नका. घरापर्यंत आपण दोघंही बोललो नाही. तुमचा स्वतःचा नियम तुम्ही त्या दिवशी मोडलात.

नंतर हा विषय आपण कधी काढला नाही. आता वाटतं, काढायला हवा होता. तुम्ही म्हणत होतात ते खरं होतं आणि मी म्हणत होते तेही. मी थांबले नसतेच तुमच्या दारापुढे. आणि ती बाई घरी यायला हवी होती. या दोन गोष्टींची एकमेकींशी गाठ घालायला मला अजून जमलेलं नाही. तुम्हाला जमलं असतं असंही नाही. पण दोघांनी मिळून न जमणं बरं वाटलं असतं.

दिवाळीनंतर तुम्ही मला पहिल्यांदा पळू दिलंत. तापीच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्याला ती छोटी मोरी आहे ना, तिच्या कठड्यावर तुम्ही बसायचात. एक खांब पळायचं, दोन खांब चालायचं. मी पुढे गेले की तुम्ही टॉवेल वर करायचात, म्हणजे आता चाल. लांबून दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायच्या, केळीचे ट्रक जायचे, ड्रायव्हर वळून बघायचे. साडेचार महिन्यांनी मी शंभर-एक पावलं पळाले आणि चालत परत तुमच्यापाशी आले तेव्हा मला बोलता येत होतं. काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक नववीच्या पेपरांबद्दल. पण वाक्य पूर्ण झालं, आणि तुम्ही बसल्या बसल्या मांडीवर थाप मारलीत.

मग एक खांबाचे दोन झाले, दोनाचे पाच. मधे सर्दी झाली की मागे यायचं. मागे येण्याची मला लाज वाटायची, तुम्हाला नाही वाटायची. पुढच्या हिवाळ्यापर्यंत मी पाच किलोमीटर न थांबता पळत होते, जुन्या वेगापेक्षा खूप हळू.

आता ती गोष्ट.

त्याच हिवाळ्यात जळगावला शर्यत होती, दहा किलोमीटरची. मी नाव द्यायचं म्हटलं. तुम्ही नाही म्हणालात. अजून दोन महिने थांब, मग खुशाल जा. "घाई कसानी शे?" घाई कशाची होती ते मी तुम्हाला सांगितलं नाही. मला माझ्या जुन्या मैत्रिणींमध्ये उभं राहायचं होतं. त्या मला "आता कशी आहेस गं" असं ज्या आवाजात विचारायच्या, तो आवाज बंद करायचा होता. मी नाव दिलं. तुम्हाला सांगितलं, रविवारी धुळ्याला बहिणीकडे जातेय.

सहाव्या किलोमीटरपर्यंत मी बरी होते. सातव्याच्या आधी पाय जड झाले, मग छाती धडधडली, मग सगळी भीती एकदम परत आली. मी रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. माझ्या मागचे सगळे माझ्यापुढून गेले, सत्तरीचे एक गृहस्थ गेले, दोन शाळकरी मुली गप्पा मारत गेल्या. कुणीतरी पाण्याची बाटली दिली. मी तिथून रिक्षा करून स्टेशनवर आले आणि मिळेल त्या गाडीनं भुसावळला परतले.

सोमवारी सकाळी तुम्ही विचारलंत, "बहीन कशी शे?"

मी म्हटलं, बरी आहे.

"बरं," तुम्ही म्हणालात. चार पावलं गेल्यावर टॉवेल या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकलात आणि म्हणालात, "आते आठ दिन नुसतं चालानं."

मी कारण विचारलं नाही. तुम्ही दिलं नाही. माझ्या चेहऱ्यावर थकवा दिसला असेल असं मी स्वतःला सांगितलं. तीन वर्षं मी हे तुम्हाला सांगायचं ठरवत होते. एकदा तर तोंड उघडलंही होतं, पण तुम्ही लिंबाच्या लोणच्याचं काहीतरी सांगायला लागलात आणि मी सुटकेचा श्वास सोडला.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी हे अक्कांना सांगितलं. निदान त्यांना तरी सांगावं म्हणून. अक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

"त्यास्ले माहीत व्हतं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं, त्या रविवारी तुम्ही पुतण्याला गाडीत बसवून द्यायला स्टेशनवर आला होतात. मी गाडीतून उतरले ती शर्यतीचा टीशर्ट घालूनच, छातीवर नंबर तसाच. तुम्ही मला बघितलंत. हाक मारायला हात वर केलात आणि मग खाली घेतलात. चहाच्या ठेल्यामागे जाऊन उभे राहिलात, मी स्टेशनचा पूल चढून जाईपर्यंत. घरी आल्यावर अक्कांना म्हणालात, पोरीला लाज वाटली असती.

नाना, मी तिथे अक्कांच्या पुढ्यात बसून त्यांच्याबरोबर तांदूळ निवडायला लागले. तुम्ही सोमवारी बहिणीची चौकशी केलीत ती मला पकडायला नव्हती, हे मला आत्ता कळतंय. मला जे सांगायचं होतं ते मला सांगता यावं म्हणून तुम्ही दार उघडून दिलं होतंत. मी आत आले नाही, तर तुम्ही दार हळूच लोटून घेतलंत, आणि मला आठ दिवस विश्रांती दिलीत. याच्याबद्दल मला तुमचे आभार मानायचे होते. माफीही मागायची होती. दोन्ही एकदमच करून घेते.

पुलापर्यंत जाऊन परत, पूर्ण दहा किलोमीटर, मी पुढच्या वर्षी पळाले. त्या सकाळी तुम्ही मोरीवर बसला होतात. जाताना मी हात केला, तुम्ही केलात. पुलावर वळले तेव्हा नदीवर धुकं होतं, श्वास सरळ चालला होता, आणि मी मनातल्या मनात तुम्हाला काय सांगायचं ते जुळवत परत येत होते. येऊन बघते तर तुम्ही टॉवेल डोक्याखाली घेऊन मोरीवर गाढ झोपलेले. इतके महिने ज्या क्षणाची वाट बघितली तो क्षण तुम्ही झोपेत घालवलात! मी उठवलं नाही. शेजारी बसून घाम पुसला, ट्रक मोजले. जागे झालात तेव्हा मी आलेली बघून म्हणालात, "वनी का? माले वाटनं तू आजून पुलवरच शे."

इतकं हसू मला त्या तीन वर्षांत आलं नव्हतं.

नंतर तुमचाच श्वास कमी पडायला लागला. हृदय थकलं होतं, डॉक्टर म्हणाले. तुम्ही त्याचं दुःख केलं नाहीत, म्हणून मीही तुमच्यासमोर केलं नाही. गेल्या पावसाळ्यात आपण पाच खांबांवर आलो, दिवाळीत दोनावर. तुम्ही बोलता बोलता मधेच थांबायचात आणि मी पुढच्या शब्दाची वाट बघायचे. मला घाई नव्हती. शाळेला कधी कधी उशीर व्हायचा. हेडमास्तरांना मी सांगून टाकलं होतं. शेवटच्या महिन्यात आपण फक्त तुमच्या अंगणात फिरायचो, लिंबापर्यंत आणि परत. तुम्ही मला रोज सांगायचात, मी इथे बसतो, तू जा, पळून ये. मी जायचे आणि येऊन सांगायचे कुठवर गेले ते. तुम्ही गेलात त्या दुपारी अक्का म्हणतात की जेवून आडवे झालात, भरीत चांगलं झालं म्हणालात, आणि झोपलात. मला हे ऐकून बरं वाटलं. मी ज्या दवाखान्यात होते तिथे कुणी भरीत चांगलं झालं असं म्हणून गेलं नव्हतं.

या रविवारी जळगावला पुन्हा शर्यत आहे. मी नाव दिलंय, आणि या वेळी अक्कांना, सुनीलला, शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलंय. किती वेळ लागेल ते मला माहीत नाही. मैत्रिणींपेक्षा अर्धा तास जास्त लागेल बहुतेक. लागू दे.

तुम्ही गेल्यावर आठ दिवस मी पळायला गेले नव्हते. नवव्या दिवशी गेले, तेव्हापासून रोज जाते. परत येताना अक्कांकडे चहा घेते. त्या सध्या फार बोलत नाहीत. काल मात्र कप खाली ठेवून त्यांनी एकदम विचारलं, "तू जवय पयस, तवय डोकामा काय ऱ्हास वं?"

मी सांगणार होते की पळताना डोक्यात नाना असतात. त्यांना बरं वाटलं असतं, आणि पहिल्या एक-दोन किलोमीटरपर्यंत ते खरंही आहे. पण खोटं एकदा बोलून झालं होतं तुमच्या घराशी.

"काही नाही, अक्का," मी म्हटलं. "काहीच नसतं. नानासुद्धा नसतात. श्वाससुद्धा आठवत नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्या हसल्या, तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच, तोंडाला पदर लावून.

"मंग बरी व्हयनी तू," त्या म्हणाल्या, आणि आणखी चहा ठेवायला आत गेल्या.